नोनाचा सत्कार

एका आजीला तिच्या आजीपणातून सेवानिवृत्त करणारा मी साउथहॅम्प्टनमधला एकमेव भूलतज्ज्ञ असेन.

२००५च्या सुमारास आमच्या मुक्तानं लुका पसंत केला. मुलगा इथलाच. त्याला आईवडील नव्हते. वाढवलं ते आजीनं, म्हणजे त्याच्या नोनानं. ती व्हेनिसच्या उत्तरेकडल्या डोंगरातली. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारा आता तो एकटाच उरला होता, आणि तिच्या होकाराशिवाय तो लग्न करणार नव्हता. ती आमच्याकडे जेवायला येणार हे ठरल्याबरोबर मी गाडीत इटालियन शिकवणारी सीडी लावली.

"काका," (हे त्याला मुक्तानं शिकवलेलं!) लुका अवघडून म्हणाला, "नोना घरात इटालियन बोलत नाही. व्हेनेशियन बोलते."

"म्हणजे इटालियनचीच बोली ना?"

लुका लालबुंद झाला. मुक्तानं टेबलाखालून मला लाथ मारली.

मग मी लायब्ररीतून पुस्तक आणलं. व्हेनेशियन ही इटालियनची मुलगी नाही, लॅटिनपासून थेट आलेली बहीण आहे. व्हेनिसचं राज्य होतं तेव्हा वकील कोर्टात तिच्यातच भांडत. पादोव्हाची तऱ्हा वेगळी, व्हेरोनाची वेगळी, डोंगरातली आणखी वेगळी. एवढं ज्ञान पोटात ठेवून गप्प बसणं मला कसं जमणार? (मी तेव्हा आमच्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी होतो. मंडळाचे कार्यक्रम सोसलेल्यांना पुढचं कळलं असेल!)

"बाबा, नो स्पीच, प्लीज! ती जस्ट लंचला येतेय."

"स्पीच कुठलं? छोटंसं प्रास्ताविक गं!"

नोना आली. एवढीशी मूर्ती, काळा कोट, हातात टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं. आमच्यासाठी तिनं मक्याच्या पिठाचा सांजा आणला होता. मी पातेलं काढून घेतलं, तिला मधल्या खुर्चीवर बसवलं, खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं आणि पुस्तकी व्हेनेशियनमध्ये सुरू झालो. आपण या मुलासाठी केलेलं कार्य थोर आहे! आपली भाषा थोर आहे! आम्ही आपले कायमचे ऋणी आहोत!

नोनाचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलं! मी आवाज चढवला. तशी ती हमसून हमसून रडायलाच लागली.

"काका, थांबा!" लुका तिच्यापाशी गुडघ्यावर बसला. ती काहीतरी पुटपुटली. "नोना विचारतेय, तिचं काम संपलं का? इथे माणूस रिटायर झाला की असंच करतात ना, भाषण, भेटवस्तू... ती म्हणते, लुका आता तुमचा झाला. मग तिनं बोलायचं कोणाशी?"

माणसाला दुखू न देणं हा माझा धंदा. आणि त्या म्हातारीला मी किती दुखावलं होतं!

"आणि तुमची व्हेनेशियन शहरातली आहे," लुकानं हळूच भर घातली. "डोंगरात असं फक्त मोठे साहेब बोलतात."

"माझ्या मालवणच्या आजीशीही हे पहिल्या भेटीत असंच पुण्याचं छापील बोलले होते," माझी बायको सुमती म्हणाली. "घाबरून आत गेली बिचारी!" तिनं नोनाच्या हातातला नारळ खाली ठेवला आणि ते हात आपल्या हातात घेतले. "लुका, त्यांना विचार, उद्या तुम्हाला पोरं झाली तर त्यांना ही भाषा शिकवणार कोण? ह्यांची सीडी?"

लुकानं सांगितलं. नोना डोळे पुसत मुक्ताकडे बघत राहिली.

"मी पण शिकेन," मुक्ता म्हणाली. "माझा मराठी पण मोडका आहे. बट आय ट्राय, ना?"

नोनानं तिचे दोन्ही गाल ओंजळीत धरले आणि लुकाच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं.

"होकार आहे," लुका म्हणाला. "फक्त एक अट आहे."

"कुठलीही असू दे, मान्य!" मी गहिवरून म्हणालो.

"लग्नात मुलीच्या वडिलांनी भाषण करायचं नाही."

इंग्लंडात वधूपित्याचं भाषण म्हणजे त्याचा हक्क! मी निषेधाला तोंड उघडणार, तेवढ्यात मुक्ता आणि सुमती कडकडून टाळ्या वाजवू लागल्या. माझ्या भाषणावरून एवढ्या मनापासून टाळ्या पडलेल्या मी तोवर कधी ऐकल्या नव्हत्या!