शेंदूर न लावलेला दगड

माझं माहेर तापीकाठचं. तिथे आमच्या केळीच्या शेताजवळ, गोठ्यामागे, एक दगड सहा-सात वर्षं पालथा पडून होता. तो माझ्या भावाचा दगड.

आमच्या घराण्यात कुणी घरापासून लांब, अवेळी गेला तर त्याच्या नावाने शेताच्या कडेला दगड उभा करतात. त्याला पाळिया म्हणतात. त्यावर त्या माणसाची आकृती कोरतात, शेंदूर लावतात; शेंदूर लागला की तो गेला, हे घराने मानलं. पुढे घरात लग्न निघालं की पहिल्या अक्षता त्याच्यापाशी नेऊन ठेवतात. जुन्या दगडांवरची माणसं सगळी घोड्यावर बसलेली आहेत. माझा भाऊ सैन्यात ट्रक चालवायचा, म्हणून वहिनीने तळोद्याच्या पाथरवटाला सांगून ट्रक कोरून घेतला.

तो नोकरीला होता तिकडे डोंगरात पूल वाहून गेला तेव्हा भावाची गाडी नदीत पडली. गाडी सापडली, तो सापडला नाही. सैन्याची माणसं आली, टोप्या काढून अंगणात उभी राहिली. आईने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, माझा मुलगा भर पुरात तापी पार करतो. ती माणसं खाली मान घालून चहा प्यायली.

दगड जीपमधून उतरवला त्या दिवशी आई जाऊन त्याच्यावरच बसली. "हाऊ दगड उभा करशात तं तुम्हीच त्याले मारी टाकशात," म्हणाली. ऊन उतरेपर्यंत उठली नाही. त्यानंतर त्या दगडाला कुणी हात लावला नाही. वहिनी आईसमोर मंगळसूत्र घालून वावरायची आणि पेन्शनच्या कामाला जाताना ते काढून पिशवीत ठेवायची. परत येताना फाटकाशी थांबून पुन्हा घालायची. मी ते पाहिलेलं आहे.

यंदा वहिनीच्या मुलीचं लग्न ठरलं. मी सासरहून, धानोऱ्याहून, मदतीला गेले. गहू निवडताना वहिनी हळूच म्हणाली, "ताई, पोरना बापले आवतन कोठे देवू मी? सगळास्ना घर अक्षता जातीन. त्याले कोठे ठेवू? तुम्ही बोला ना आत्यासंगे."

सासूला ती आत्या म्हणते. मी हो म्हटलं. पण आईसमोर माझं तोंड उघडत नाही. जेवायला वाढताना बोलू, असं रोज ठरवायची आणि वाढून परत चुलीकडे यायची.

माझी मुलगी रशियात डॉक्टरकी शिकते. एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. आजीला बर्फ दाखवत ती एका बागेतून चालली होती. चालताना तिच्या मागे एक उंच काळा दगड दिसला. त्यावर एका माणसाचं तांब्याचं डोकं होतं, छातीपर्यंत, अंगात लष्करी कोट.

"थांब," आई म्हणाली. "हाऊ कोन शे?"

"आजी, हा विमान चालवायचा. मोठ्या लढाईत बॉम्ब टाकायचा. फार पदकं मिळाली त्याला."

"कोनावर टाकेत?"

"दुश्मनावर."

"दुश्मनले बी माय व्हती ना." आईने फोन डोळ्यांजवळ नेला. "शेंदूर कोन लावस त्याले?"

मुलगी हसली. "कुणी नाही लावत. फुलं ठेवतात."

मलाही तो पाळियाच वाटला होता. मी मागून म्हटलं, "तिन्हीसांजेला जाऊ नको त्याच्याजवळ."

"कवय मरना तो?" आईने विचारलं.

"म्हातारा होऊन वारला. पण पुतळा बसवला तेव्हा जिवंत होता, आजी. इकडे लढाईतलं सगळ्यात मोठं पदक कुणाला दोनदा मिळालं की त्याच्या जन्मगावी पुतळा करायचे, तो जिवंत असतानाच. आमच्या होस्टेलच्या स्वयंपाकीण आजींनी लहानपणी त्याला पाहिलंय. तो पुतळा बघायला आला होता. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, नाक माझं नाही."

आई हसली नाही.

"जित्ता व्हता? आनि आपला दगड आपला डोयाघाई दखा त्यानी?"

"हो आजी, स्वतःच्या डोळ्यांनी."

"काही व्हयनं नही त्याले?"

"काही नाही. पुढे खूप वर्षं जगला."

कॉल संपला. आईने फोन माझ्या हातात दिला आणि केळीकडे तोंड करून ओट्यावर बसून राहिली. वहिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

सकाळी आई आंघोळ करून आली आणि म्हणाली, "दगड उभा करा. पन शेंदूर नका लावू."

शेतावरच्या सालदाराने खड्डा खणला. तो आणि शेजारचे दोघं अशा तिघांनी मिळून दगड उचलला. खालच्या बाजूने गांडुळं निघाली. नदीकडून येणाऱ्या वाटेकडे तोंड करून दगड उभा केला. आईने स्वतः तांब्याने पाणी घालून चिखल धुतला. ट्रकवरून, चाकांवरून बोट फिरवलं.

"गाडीले दिवाच काढेल नही," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. तो येई तवय सांगी."

मग तिने पायाशी अक्षता ठेवल्या आणि अंगणातून हाक मारावी तशी म्हणाली, "पोरनं लगीन शे. ये."

वहिनी पुढे झाली. तिने अक्षता ठेवल्या आणि वाकलेलीच राहिली. तिचे ओठ हलत होते. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तिच्या पदराच्या टोकाला गाठ होती आणि गाठीतून कापडावर केशरी डाग उमटला होता. उठताना तिचा हात त्या गाठीवर गेला.

आई घराकडे वळली होती. मागे न बघताच म्हणाली, "ठी दे तो शेंदूर घरमा. मी गयी ना, मंग लावजो."

वहिनीने गाठ पुन्हा आवळली, पदर कमरेला खोचला आणि आईला बांधावरून उतरायला हात दिला.