तो माझ्या पाया पडला

मैत्रिणीच्या पोरीनं टीव्हीवर सिनेमा लावला होता. शाळेतली दोघं, त्यांचे दोस्त, पहिलं प्रेम, अन् शेवटी स्टेशनवर गळाभेट. पोरगी अकरावीतली, ओढणीनं डोळे पुसत होती. आम्ही दोघी खाली बसून मेथी निवडत होतो. मला तर त्या हिरोचा रागच आला. सोळाव्या वर्षी एवढं घडाघडा बोलता येतं का कुठं? आमची तर दातखीळ बसायची.

"मावशी, तुमच्या टायमाले असं होतं काय?" पोरीनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आधीच मैत्रीण हसायला लागली. "हिचा हिरो तं हिच्या पाया पडला होता."

मग काय, बसली सांगत. ही गोष्ट ती इतकी रंगवून सांगते की ऐकणाऱ्याची हसून पुरेवाट होते. तेव्हा ती तिथंच होती ना, माझ्या शेजारी उभी.

मंगरूळपीरला तो आमच्या गल्लीत भाड्यानं राहायचा. बाप सरकारी नोकरीत. आम्ही तिघं दहावीला एका वर्गात, शाळेतून एकाच रस्त्यानं घरी यायचो. तो चालायचा माझ्या बाजूनं, बोलायचा मात्र मैत्रिणीशी. गणिताचे सर, क्रिकेट, काहीही. मी आपली मुकाट ऐकायची. मैत्रीण नंतर म्हणायची, "तो बोलते माह्यासंग, पण ऐकवते तुले." तेवढ्यावर माझे आठ दिवस सुखात जायचे.

मग त्याच्या बापाची चंद्रपूरकडं बदली झाली. दसरा झाला की सामान हलवायचं ठरलं. माझा जीव थाऱ्यावर राहिना. दसऱ्याला तो सोनं द्यायला घरी येणार, तेवढीच भेट उरली होती. त्या वेळी तो काहीतरी बोलेल, नाही बोलला तर मी बोलेन, असं मनाशी पक्कं केलं. धीर हवा म्हणून मैत्रिणीला दुपारपासूनच घरी बसवून ठेवलं.

संध्याकाळी तो आला. शर्टाचा खिसा आपट्याच्या पानांनी फुगलेला. लहानानं मोठ्याच्या हातात सोनं द्यायचं अन् पाया पडायचं, ही आमच्याकडची रीत. बाबा, आई, काका, काकू सगळे ओळीनं उभे, ओळीच्या शेवटी मी. तो सोनं देत आला, वाकत आला, अन् त्याच धांदलीत माझ्याही पायाला हात लावून बसला. हात लागल्यावर त्याला कळलं की ह्या पायांत पैंजण आहेत.

सगळं घर हसलं. काका म्हणाले, "द्या बाई आशीर्वाद. पोरगं पाया पडून राह्यलं." मैत्रीण तर हसता हसता भिंतीला टेकून खालीच बसली. तो तसाच वाकलेला, कान लालबुंद. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी करायला हवं म्हणून मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना तेल होतं.

"सुखी राहा," मी म्हटलं.

पुन्हा हशा. तो उठला अन् चहासुद्धा न घेता निघून गेला. त्याच आठवड्यात त्यांचा टेम्पो गेला. मी खिडकीत उभी होते. त्यानं वर पाहिलं नाही, लाजला असेल बिचारा.

पोरगी सिनेमा विसरून हसत होती. "मावशी, खरंच 'सुखी राहा' म्हटलं तुमी? बुढीवानी?"

"म्हटलं ना," मी म्हणाले, अन् मीही हसले. इतकी वर्षं हसतेच आहे. मैत्रीण सांगते त्यात एक अक्षर खोटं नाही. फक्त माझा हात डोक्यावर होता तोवर तो हलला नव्हता, हे तिला हसण्याच्या भरात दिसलं नसावं. घरचे सगळे बघत होते, म्हणून तोंडून भलतंच निघालं. मला म्हणायचं होतं, जाऊ नको.