कोंबड्यांच्या शेडमधली गाडी

क्लेम ओडलिंगला स्वस्थ उभं राहिलेलं मी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. हातात कानस नसली तर पॉलिशपेपर, तोही नसला तर चहाच्या मगाचा काठच अंगठ्यानं चाचपत बसायचा. त्याच्या शेजारी दोन घटका काढल्या की आपल्यालाच खाज सुटायची.

इंग्लंडात लिंकनशरमध्ये, युद्धानंतर ओस पडलेल्या विमानांच्या धावपट्टीच्या कडेला पूर्वी कोंबड्यांची असलेली एक लांबट, अरुंद शेड होती. तिथं सोअरबीसाहेब दोन माणसांच्या स्पोर्ट्स कार बनवायचे. वर्षाला तीस, फार तर पस्तीस. आम्ही नऊ माणसं. मी वायरी जोडायचो आणि क्लेम गाडीला अंग द्यायचा. लाकडाचा आणि प्लास्टरचा पूर्ण मापाचा नमुना तो घडवायचा, त्यावरून साचा निघायचा आणि साच्यातून फायबरच्या बॉड्या. डोळे मिटून नमुन्यावरून तळहात फिरवला की केसाएवढा उंचवटाही त्याला सापडायचा. त्या हाताला तोड नव्हती.

गाडी पळायचीही झकास. फक्त खपायची नाही. एका मोटार मासिकानं लिहिलं, 'चालवायला इतकी छान की आतून उतरूच नये. उतरलं तर ती बघावी लागते.' आम्ही खो खो हसलो. क्लेम हसला नाही. त्या दिवशी त्यानं दोन पॉलिशपेपर उगाचच फाडले.

सदुसष्टच्या वसंतात साहेबांनी आम्हाला उभं करून सांगून टाकलं. ऑक्टोबरात लंडनच्या मोटार प्रदर्शनात नवी गाडी लोकांना आवडली नाही, तर शेडला कुलूप. म्हणून कॉव्हेंट्रीहून फॅरंट नावाचा माणूस येणार होता, आकार बघायला.

"माझ्या गाडीची हजामत करायला न्हावी आणताय?" क्लेम म्हणाला.

"न्हावी नाही रे. गाड्यांचे आकार करणं हाच त्याचा धंदा आहे."

"मग मी इथं चौदा वर्षं काय अंडी उबवत होतो?"

साहेब भले माणूस. म्हणाले, "शेवटचा शब्द तुझा, क्लेम. तू करवत लावली नाहीस तर तुझ्या नमुन्याला दुसरं कुणी लावणार नाही." आता नऊ घरांच्या चुली क्लेमच्या करवतीवर आल्या. मला साहेबांचा राग आला, अजूनही थोडा आहे. असलं ओझं माणसाच्या डोक्यावर ठेवू नये.

फॅरंट आला. मऊ चामड्याचे तपकिरी बूट, आणि ते घालून आमच्या चिखलात! नमुन्याभोवती फिरायला त्याला अंग आडवं करून सरकावं लागलं. पाठ भिंतीला घासत होती. एक फेरी झाली आणि त्यानं विचारलं, "हिला तुम्ही बाजूनं लांबून कुठून बघता?"

नमुना आणि भिंत यांत जेमतेम दीड फूट. लांबून बघायचं तर दारात जायचं, आणि दारातून दिसायचं फक्त नाक.

"गाडी तयार झाली की बाहेर निघतेच की," क्लेम म्हणाला. "तेव्हा बघतो."

"तेव्हा साचा होऊन गेलेला असतो, मिस्टर ओडलिंग."

दुसऱ्या दिवशी आम्ही नमुना गाड्यावर चढवून धावपट्टीवर ढकलत नेला. वारा असा की टोप्या डोक्यावर ठरेनात. फॅरंटनं पुढच्या चाकापासून शेपटीपर्यंत काळी चिकटपट्टी ताणून लावली आणि क्लेमला म्हणाला, "साठ पावलं मागं जा."

"साठ पावलांवरून गाडी विकत घेतात होय?"

"साठ पावलांवरून ती दिसते. आवडली तरच माणूस जवळ येतो. तुमचा हात कळायला आधी त्यानं जवळ यायला हवं ना?"

क्लेम पुटपुटत, पावलं मोजत गेला. मीही मागोमाग गेलो. साठाव्या पावलाला तो वळला, आणि उभाच राहिला. हात खाली सुटलेले. मला भीतीच वाटली.

"बसलीय रे," तो म्हणाला.

खरंच. पुढून झेपावणारी गाडी मागून भुईला टेकली होती, दारात कुत्रं बसावं तशी. फॅरंटची पट्टी मागं शेपटीच्या खालच्या कडेपेक्षा चार बोटं वरून जात होती. तेवढ्याच चार बोटांत सगळं होतं. चौदा वर्षं आणि तीन नमुने, सगळे बसलेले.

क्लेम तडक फाटकाकडे निघाला. तिथं त्याची बायको एडना डबा घेऊन उभी होती. फायबरमध्ये ओतायच्या रेझिनच्या वासानं तिला खोकला यायचा, म्हणून रोज दुपारी ती फाटकापाशीच थांबायची.

"एडना, पहिल्या वर्षी तू काय म्हणाली होतीस?"

"कशाबद्दल?"

"गाडीबद्दल गं!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "मागून बसकी दिसते म्हणाले होते."

"मग पुन्हा कधी का नाही बोललीस?"

"तू दोन दिवस जेवला नाहीस, क्लेम. मी म्हटलं, बसकी तर बसकी."

क्लेमनं तिच्या हातून डबा घेतला, जमिनीवर ठेवला आणि परत आला. करवत मागितली. पट्टीच्या रेघेवर ती टेकवून तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. फॅरंट चार पावलं मागं सरकला, हे त्याचं शहाणपण. मग पट्टीखालची शेपटी कापली गेली. एडनाला दुखणं दिसलं होतं, पण औषध कुठं लावायचं ते या बूटवाल्यालाच ठाऊक होतं. क्लेमनं ते लावलं, सहा आठवडे तळहातानं घासून. या सहा आठवड्यांत तो दिवसाला वीस वेळा साठ पावलं मागं पळायचा. आम्हाला वेड लागायची पाळी आली.

ऑक्टोबरात प्रदर्शनात आम्हाला कोपऱ्यातली जागा मिळाली. तरी माणसं चालता चालता थबकत, वळत, जवळ येत आणि आल्यावर मागच्या चाकावरून हात फिरवत. तिसऱ्या दिवशी वर्षभराच्या गाड्यांची मागणी नोंदली गेली. साहेब क्लेमला शोधत होते. तो गाडीजवळ नव्हताच. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, खांबाशी, एडनाशेजारी तिचा कोट हातात धरून उभा होता.

"आता बोल," तो तिला म्हणत होता. "मी जेवीन."

एडनानं डोळे बारीक करून नीट पाहिलं.

"उठली बाई एकदाची," ती म्हणाली.