सुमय्याच्या नाण्यांची जकात

आमच्या के. आर. पुरमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं दोनच. एक आमचं, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून अर्धं कन्नड झालेलं, आणि दुसरं रुकय्याचं. दापोलीची कोकणी मुसलमान पोर, लग्न होऊन इथं आली आणि माझी भाषा ऐकून पहिल्याच दिवशी तिनं मला ‘अक्का’ करून टाकलं. तिचा नवरा मुश्ताक आखातात ड्रायव्हर होता. तो तिथंच वारला. मागं राहिली चिमुरडी सुमय्या, आणि तिच्या नावानं त्यानं जमवलेली सोन्याची नाणी. ती दिराच्या, खलीलच्या, दुकानातल्या तिजोरीत होती.

पहिल्याच रमजानला रुकय्याची झोप उडाली. तिच्या माहेरच्या शाफई रिवाजात लहान मुलाच्या धनावरही जकात लागते, म्हणजे दरसालचं बंधनकारक दान, आणि ते पालकानं द्यायचं. नाही दिलं तर तेच धन कयामतीला साप होऊन गळ्यात पडतं. सासर हनफी. त्यांच्यात मूल वयात येईपर्यंत जकात नाही. उलट खलील तिला शांतपणे बजावायचा, की यतीम, बाप नसलेल्या पोरीच्या मालाला हात लावणारा पोटात आग भरतो. मशिदीतले मौलवी भले. दोन्ही मतांना आधार आहे, म्हणाले, तुझं मन ठरेल तसं कर. मन कुठलं ठरतंय! इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी तिनं वाट काढली. नाणी जागच्या जागी ठेवायची आणि जकात स्वतःच्या पैशातून द्यायची. दर रमजानला ती ब्लाऊज शिवून साठवलेले पैसे गरिबांना वाटायची, कमी पडले तर अंगावरचा एखादा डाग मोडायची. वाटून झालं की खलीलला कळवायची. तो डोळे मिटून म्हणायचा, अल्ला कबूल करो. त्याचं ते डोळे मिटणं मला कधीच आवडलं नाही.

मी तोंडाची फटकळ. एकदा विचारलंच, “ती नाणी तू शेवटची कधी बघितलीस गं?”

“दीर आहे अक्का, परका नाही,” ती म्हणाली, आणि नंतर बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पण दुकानात जाऊन तिनं विषय काढलाच. किल्ली बायकोकडे आहे, म्हणाला खलील. पुढच्या खेपेला किल्ली सापडत नव्हती. हे ती मला हसत सांगत होती, पण तिच्या हातातली सुई थांबली होती.

यंदा सुमय्या वयात आली. आता दोन्ही मतांनी जकात पोरीनंच द्यायची, म्हणून नाणी घरी आणायला रुकय्या मला सोबत घेऊन गेली. खलीलनं आधी चहा मागवला. मग काउंटरकडे बघत सांगितलं, दुकान बुडत होतं, नाणी विकली, परत करणारच होतो.

“कधी विकली?” तिनं एवढंच विचारलं.

“मुश्ताकभाई गेले त्याच साली.”

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. रुकय्या मात्र उठली, ओढणी सावरली आणि तडक घरापर्यंत चालत आली. ही बाई आता पोरीला काय सांगणार, या धास्तीनं मी तिच्या मागोमाग आले.

सुमय्या दारात उभी होती, मोठी झाल्याचा तोरा मिरवत.

“अम्मी, आता मी माझ्या हातानं जकात द्यायची ना? किती लागते?”

रुकय्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुला नाही लागत, बाळा,” ती म्हणाली. “ज्याच्याकडे काही असतं, त्यालाच लागते.”