काळ्या झग्यातली न्यायाधीश

वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये जुन्या मखमली पडद्यांचा कुबट वास आला की मला इंग्लंडमधल्या लेस्टरच्या शाळेतला इंग्लिशचा तास आठवतो. प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती लोकांच्या गावातल्या बायकांना चेटकीण ठरवून फासावर देणाऱ्या न्यायाधीशाची गोष्ट आम्ही वाचत होतो, आणि टीचरनी वर्गातच खटला उभा केला. जुन्या काळ्या मखमली पडद्याचा झगा पांघरून मी न्यायाधीश झाले. आरोपी झाली माझी मैत्रीण, वर्गातली माझ्याशिवाय एकटीच मराठी मुलगी. माझ्या प्रश्नांनी ती गोंधळली आणि हळूच मराठीत म्हणाली, "अगं, तू तरी ऐक ना माझं." मी टेबल आपटून इंग्लिशमध्ये सुनावलं, "या कोर्टात असली भाषा चालणार नाही." सगळा वर्ग हसला. मला ते इतकं आवडलं की तास संपेपर्यंत मी तिला बोलूच दिलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी कधीच मराठीत बोलली नाही. सत्ता चांगल्या माणसालाही कशी बिघडवते, यावरच्या माझ्या निबंधाला मात्र सर्वांत जास्त मार्क मिळाले. काल माझ्या मुलीला त्याच गोष्टीवर तसाच निबंध लिहायचा होता. "आई, यात ईव्हिल नक्की कोण?" तिने विचारलं. मी न्यायाधीशाबद्दल भरभरून बोलले, स्वतःबद्दल एक शब्दही काढला नाही, आणि ती ते सगळं लिहून घेत असताना मला माझीच भयंकर चीड आली.