बाबांचे निळे सदरे

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा कालच उतरला, आणि आज सकाळी आई गॅलरीच्या दारातच थबकली. "अगं बाई, हे निळे सदरे कुणाचे?"

दोरीवर बाबांचेच सदरे वाळत होते, मूळचे पांढरे. धुतल्यावरही ते तिला पिवळट दिसायचे, म्हणून बिचारी दर धुण्याला नीळ वाढवत गेली. पिवळेपणा तिच्या डोळ्यांत होता आणि नीळ चढत होती बाबांच्या अंगावर. वय झालं की जग मळल्यासारखं वाटतं म्हणतात. त्यातला मळ जगाचा किती आणि आपल्या नजरेचा किती, कोण जाणे!

"अहो, असे निळे होऊन गावभर हिंडलात! एका शब्दानं बोलला का नाहीत?" आई करवादली.

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तू एवढं मन लावून पांढरे करत होतीस. मी कशाला मोडता घालू?"

आईनं बाकीचे सदरे पुन्हा भिजत घातले. सगळ्यात निळा होता, तो मात्र तिनं इस्त्री करून आपल्या साड्यांत ठेवला.