जड वांगी

"तुले पटस ते ले भाऊ," एवढं बोलून आबा बांधावर बसत आणि दुसरीकडे बघत. गिऱ्हाईक वांगी निवडत असताना त्याच्या हाताकडे बघायचं नाही, हा त्यांचा नियम. मला तो फार आवडायचा. विकणारा बघत नसला की चोरी न करताही चोरीचा आनंद मिळतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

आबांचं वावर ब्राह्मणपुरीला. चहूकडे ऊस आणि केळी, मधे यांची भरताची वांगी. काटा ठेवत नसत. नगावर विकत; लहान-मोठं सगळं एकाच भावात.

मी तेव्हा प्रकाशा या तीर्थाच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावर नवाच ढाबा टाकला होता. त्याआधी वीस वर्षं भंगाराचा धंदा. हातगाडीपासून गोडाऊनपर्यंत पोचलो तो एकाच अकलेवर : जड ते आपलं. इथं तर भाव नगाचा आणि वजन फुकट! एकेक वांगं तोलून मी जड तेवढी उचलायचो. उरलेली हलकी समोरचा ढाबेवाला मुकाट्यानं भरून न्यायचा. मला त्याची कीव यायची.

वर भावही पाडायचो. आवाज चढवून, पोतं आपटून, स्कूटर दोनदा चालू करून निघाल्यासारखं दाखवून. आबा शेवटी थोडं कमी करत. घरी बायकोला मी लढाई जिंकल्यासारखं सांगायचो.

दोन महिन्यांत प्रकाशाचं देवदर्शन करून येणारी माणसं माझ्या दारात गाडी लावू लागली आणि रस्ता ओलांडून समोर जेवू लागली. भंगाराची सगळी कमाई ढाब्यात घातलेली. हिवाळा असाच गेला असता तर कुलूपच. मी आचारी बदलला, मिरची बदलली, तेल बदललं. स्वतःला सोडून सगळं बदलून झालं, तेव्हा आबांवर संशय आला.

भांडायला गेलो. आबांनी सगळं ऐकून घेतलं, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, माझ्या पोत्यातलं एक आणि त्यांच्या टोपलीतलं एक वांगं भाजलं. दोन्ही सोलून केळीच्या पानावर उघडली. माझं बियांनी गच्च. त्यांचं नुसता मऊ गर.

"जड म्हनजे बी," आबा म्हणाले. "भरताले हलकं लागस."

"तुमले माहीत व्हतं, मंग सांगं का नही?" मी ओरडलो.

"तू ऐकाले थांबना कवय? सांगाले तोंड उघडं की तू भाव पाडस."

आबांनी मला दोन महिने फसवलं, असं मी आजही सगळ्यांना सांगतो. ऐकणारे हसतात. आबांनाच हसत असावेत.

दुसऱ्या दिवसापासून हलक्या वांग्यांसाठी समोरच्याची आणि माझी बांधावरच जुंपली. मग आबांनी पाळी लावून दिली. एक दिवस पहिला हात त्याचा, एक दिवस माझा. सगळं मलाच द्या, भाव वाढवून देतो, असंही मी म्हणून पाहिलं. माझ्या तोंडून 'वाढवून' ऐकून आबांना खोकला आला.

"दोन्ही ढाबा चालाले पाहिजेत," ते म्हणाले. "एक बंद पडना ते मन्हं निम्मं वावर कोन खाई?"

गेल्या दिवाळीआधी आबा गेले. पोराला सगळीकडे ऊस लावायचा होता. सून हटून बसली आणि वांग्यांच्या चार सऱ्या राखल्या. परवा माझी पाळी होती. मी घसा साफ करून तयारीनं गेलो. तिनं भाव सांगितला तो आबांच्यापेक्षा कमी!

"इतला कमी का बरं?" मी चिडलोच.

"आबा सांगी गयात," ती म्हणाली. "त्या भाऊसनं डोकं लवकर तापस. त्यासले पहिलेच कमी सांग."

आयुष्यात पहिल्यांदा मी भाव वाढवायला भांडलो. ती ऐकेना. जुन्या भावानं पैसे तिच्या हातात दिले, तर तिनं माझ्या रिकाम्या पोत्यात आधीच चार वांगी जास्तीची टाकली. मी ती काढली, तिनं परत टाकली. मी असा ओरडलो की उसातले बगळे उडाले.

बांधावर सावलीला जागा रिकामी होती. थोडा वेळ मी तिथं बसलो. मग उठून, न तोलता हातात आली ती वांगी पोत्यात भरून निघालो. त्यांतली निम्मी जड निघाली.